गाडी लीन आहे, पण नेमकी केव्हा?

वाईहून पसरणी घाट चढताना तिसऱ्या गिअरात टर्बो पेट्रोल गाडी दम टाकते, एक-दोन झटके देते आणि डॅशबोर्डवर पिवळी चेक लाइट लागते. साताऱ्याला परत येऊन गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की कोड निघतो पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पुढे बहुतेक वेळा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, चांगले पैसे जातात आणि आठवडाभरात लाइट पुन्हा लागते. सेन्सरने त्याचं काम चोख केलेलं असतं. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त दिसतोय, एवढंच त्याने कळवलं. तो का जास्त आहे, हे कोडवरून कळत नाही.

ते कळतं एका साध्या प्रश्नाने: गाडी लीन होते, पण केव्हा? उभ्या गाडीत आयडलिंगला, सपाट रस्त्यावर एका लयीत चालताना, की टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जोर लावतो तेव्हा? या तिन्हींची कारणं वेगळी आणि सापडण्याच्या जागाही वेगळ्या. म्हणून कोड लगेच पुसून टाकू नका. कोड पडला त्या क्षणाची नोंद ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, जपून ठेवलेली असते. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आरपीएम, लोड, पाण्याचं तापमान, वेग आणि ट्रिम (ईसीयूने केलेली पेट्रोलची दुरुस्ती) हे सगळं तिच्यात असतं. कोड पुसला की ही नोंदही जाते. आधी मोबाइलवर तिचा फोटो काढा.

लीन म्हणजे किती लीन?

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण अचूक जुळलं की त्याला लॅम्डा १ म्हणतात. हवा जास्त झाली की लॅम्डा १ च्या वर जातो, ते लीन. पेट्रोल जास्त झालं की १ च्या खाली येतो, ते रिच.

निवांत चालवताना ईसीयू लॅम्डा १ राखतो. पेडल खोल दाबलं आणि टर्बोने दाब धरला की तो मुद्दाम पेट्रोल वाढवतो आणि लॅम्डा साधारण ०.८ ते ०.९ वर आणतो. हे जास्तीचं पेट्रोल ताकदीपेक्षा थंडाव्यासाठी असतं. वाफ होताना ते उष्णता शोषतं आणि पिस्टन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, टर्बोचं टर्बाइन यांचा ताप आटोक्यात ठेवतं. काही नव्या इंजिनांत बऱ्याच लोडपर्यंत लॅम्डा १ च्या आसपासच ठेवलेला असतो. त्यामुळे दुसऱ्या गाडीचा आकडा प्रमाण धरू नका. स्कॅनरवर ईसीयूने मागितलेला लॅम्डा आणि प्रत्यक्षातला लॅम्डा शेजारी शेजारी ठेवून पाहा.

साधं इंजिन लीन झालं तर मिसिंग होतं, पिकअप मार खातो, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. टर्बोचं तसं नाही. एक बार बूस्टला, म्हणजे टर्बोच्या जादा दाबाला, सिलिंडरमध्ये जवळजवळ दुप्पट हवा कोंबलेली असते. तिथे पेट्रोल कमी पडलं की नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी भडका, सुरू होतं. नॉक सेन्सर टायमिंग मागे घेऊन काही वेळ सांभाळून नेतो, पण रोज तेच होत राहिलं तर पिस्टनवरच्या रिंगांमधली भिंत तडकते. दोष सापडेपर्यंत पेडल हलकं ठेवा, गाडी बूस्टवर नेऊ नका आणि घाट टाळा. टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली तीच गाडी पुन्हा पसरणीत फुल पेडलने चढवणं म्हणजे दुखऱ्या पायावर पळणं.

ट्रिमचे आकडे

इंजिन गरम झालं की ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म ट्रिम सवयीसारखा साठत जातो. दोन्हींची बेरीज धरायची. अधिक म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय. अधिक पाच ते उणे पाच टक्के हे निरोगी इंजिन. अधिक दहाच्या पुढे शोध सुरू करायला हवा. वीस-पंचवीसला ईसीयू हात टेकतो आणि लाइट लावतो.

इथे आपल्या भागातल्या माणसाने एक हिशेब ध्यानात ठेवायला हवा. सातारा-सांगलीच्या कारखान्यांत ऊस गाळला जातो, डिस्टिलरीत इथेनॉल होतं आणि तेच पंपावरच्या ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये येतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, किलोमागे साधारण ९ किलो. त्यामुळे ई२० चं अचूक प्रमाण १४.७ न राहता साधारण १३.५ होतं, आणि ई१० चं १४.१. ई१० धरून बेतलेल्या गाडीत ई२० भरलं की निव्वळ इंधनामुळे ट्रिम चारेक टक्के वर सरकतो. निव्वळ पेट्रोलवर बेतलेल्या जुन्या गाडीत सात-आठ टक्के. हा बिघाड नव्हे, ईसीयू आपलं काम करतोय. पण अशा गाडीत छोटी गळती निर्माण झाली तर आधीचे सात आणि गळतीचे बारा मिळून लाइट लवकर लागते. मिश्रण मोजताना १४.७ चा काटा बघत बसू नका, लॅम्डा बघा. इंधन कोणतंही असो, अचूक मिश्रण लॅम्डा १ वरच असतं.

मोजणी अशी करा. इंजिन ८५ ते ९० अंशांपर्यंत गरम करा, एसी बंद ठेवा. आयडलिंगचा ट्रिम लिहा. मग उभ्या गाडीत २५०० आरपीएमवर रेस धरून मिनिटभर थांबा, तो आकडा लिहा. मग सपाट रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरात एका वेगाने चालवत तिसरा आकडा घ्या. मोबाइल शेजारच्या माणसाकडे द्या, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या स्कॅनर सॉकेटमध्ये बसणारा) आणि मोबाइलवरचं अॅप एवढ्यावर हे काम होतं.

फुल पेडलला बहुतेक गाड्यांत शॉर्ट टर्म ट्रिम शून्यावर गोठतो, कारण ईसीयू तेव्हा सेन्सरच्या मागे धावत नाही. शून्य दिसला म्हणजे सगळं ठीक, असा अर्थ काढू नका. तिथे फक्त लॅम्डाचा आकडा कामाचा.

हवा कुठून शिरतेय, कुठून निसटतेय

पुढे जाण्याआधी आपली गाडी हवा कशी मोजते ते पाहून घ्या. एअर फिल्टरच्या डब्यानंतर लगेच पाइपात वायरिंगचा सेन्सर बसवलेला असेल तर तो एमएएफ, म्हणजे हवेचं वजन मोजणारा. तो नसेल आणि फक्त इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर) दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल, तर ईसीयू दाब आणि तापमानावरून हवेचा हिशेब करतो. भारतातल्या अनेक छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. हा फरक माहीत नसला तर अख्खा शोध उलट्या दिशेला जातो.

एमएएफवाल्या गाडीत गळतीच्या तीन जागा आहेत आणि प्रत्येकीचा ट्रिम वेगळा येतो. एमएएफ आणि टर्बोचं तोंड यांच्यामधला रबरी पाइप फाटला असेल, तर तिथे कायम खेच असते. न मोजलेली हवा आत जाते आणि गाडी सगळीकडे लीन राहते. टर्बोपासून थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) वाटेवर गळती असेल, तर आयडलिंगला तिचा फारसा पत्ता लागत नाही. पण बूस्ट आला की मोजून झालेली हवा बाहेर निसटते, पेट्रोल मात्र तेवढंच पडतं. परिणाम उलटा, गाडी रिच होते आणि काळा धूर दिसतो. थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा त्यावरचा एखादा होज गेला असेल, तर आयडलिंगला जोराची खेच असल्याने ट्रिम अधिक अठरा-वीस, २५०० आरपीएमला अधिक चार-पाच आणि बूस्टवर पुन्हा रिचकडे. एकाच दोषाने लीन आणि रिच दोन्ही दिसतं म्हणून मिस्त्री गोंधळतो, पण ही तर त्या दोषाची खूणगाठ आहे.

मॅपवाल्या गाडीत मॅनिफोल्डची गळती अशी दिसत नाही. हवा शिरली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, मॅप सेन्सर तो मोजतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि ट्रिम जवळपास जागेवरच राहतो. खूण वेगळीकडे असते. आयडलिंगला दाब ३०-३५ किलोपास्कलऐवजी ४५ दिसतो, आरपीएम चढतो-उतरतो, थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त मिटलेला असतो. इंटरकूलरच्या वाटेवर गळती असेल तर गाडी लीन होत नाही. बूस्ट कमी पडतो आणि कोड पी०२९९ येतो. म्हणून मॅपवाल्या गाडीत खणखणीत पी०१७१ आला, तर व्हॅक्यूम होज चाचपण्यात दिवस घालवण्याआधी पेट्रोलच्या बाजूला वळा.

मॅप सेन्सर खरं बोलतो का, ते इंजिन बंद ठेवून तपासता येतं. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: साताऱ्यात साधारण ९२-९३ किलोपास्कल, सांगलीत ९५ च्या आसपास, पाचगणीत ८७. बऱ्याच टर्बो गाड्यांत बूस्टचा सेन्सर वेगळा असतो. तसा असेल तर दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. सांगलीत उभ्या गाडीचा एक सेन्सर ८५ दाखवत असेल तर तो हवा कमी मोजतोय आणि पेट्रोलही त्या मानाने कमी पडतंय.

गळती शोधायचं सगळ्यात खात्रीचं साधन स्मोक मशीन, म्हणजे पाइपांत धूर भरून तो कुठून निघतो ते दाखवणारं यंत्र. सातारा किंवा कुपवाड एमआयडीसीच्या परिसरात तुमच्या माहितीतल्या गॅरेजकडे ते नसेल, तर कॉम्प्रेसर आणि साबणाचं पाणी चालतं. टर्बोच्या तोंडाला टायरचा व्हॉल्व्ह बसवलेलं टोपण घट्ट लावा. पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणारा) होज काढून दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील उचलले जातील. रेग्युलेटरने ०.३ बारपासून सुरुवात करा, सावकाश वाढवा, गाडीच्या स्वतःच्या कमाल बूस्टच्या वर जाऊ नका. सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. एक्झॉस्टमधून हलकी फुसफुस ऐकू येईल, ती एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असल्यामुळे असते. इंजिन चालू ठेवून कार्ब क्लीनरचा फवारा मारत गळती शोधायची जुनी रीत टर्बो गाडीवर अजिबात वापरू नका. टर्बोचं घर लाल होण्याइतकं तापतं, फवाऱ्याने आग लागते.

साबणाच्या पाण्याआधी डोळे आणि बोटं वापरा. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा बारीक धुरळा नेहमीच फिरत असतो. क्लिप सैल झाली की तो दाबाने बाहेर येतो आणि रस्त्याची धूळ त्याला चिकटते. रबरी होज जिथे ॲल्युमिनियमच्या तोंडावर चढतो तिथे, बहुतेक वेळा खालच्या अंगाला, चंद्रकोरीसारखा काळा ओलसर डाग दिसेल. वरून बघून तो कधीच दिसत नाही. बोट खालून फिरवा, काळं चिकट लागलं की क्लिप उघडा, होज उतरवा, कडेला आतून चीर आहे का ते वाकवून पाहा. पीसीव्हीचा पडदा फाटला असेल तर आयडलिंगला शिट्टी येते आणि ऑइलचं झाकण उचलताना ते आत ओढल्यासारखं लागतं. झाकण सैल केल्यावर शिट्टी थांबली तर दोष तिथेच. पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेचा) होज पकडीने हलकेच दाबा. ट्रिम लगेच खाली आला तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. ब्रेक दाबून धरल्यावर ट्रिम हलला, तर ब्रेक बूस्टर पाहा.

एमएएफच मळला असेल तर त्याची चाल ओळखीची असते. कमी हवेला तो जास्त मोजतो, जास्त हवेला कमी. म्हणून आयडलिंगला ट्रिम शून्याखाली आणि लोड वाढला की शून्याच्या वर चढत जातो. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ आणि जाळलेल्या पाचटाची राख फिल्टरवर बसते. फिल्टर नीट बसवलेला नसला की ती थेट सेन्सरवर जाते. एमएएफसाठीचाच क्लीनर वापरा, तारेला बोट किंवा कापूस लावू नका. तेल लावून वापरायचे फिल्टर टाळलेले बरे.

पेट्रोल कमी पडतंय का

आयडलिंगला ट्रिम ठीक, सपाट रस्त्यावर अधिक सहा-सात आणि पेडल दाबलं की लॅम्डा ०.८५ च्या जागी १ किंवा त्याहून वर, असं चित्र असेल तर पेट्रोल पुरत नाही. आयडलिंगला थकलेला पेट्रोल पंप का पकडला जात नाही, ते आकड्यांत पाहा. एक लिटरचं टर्बो इंजिन आयडलिंगला तासाला लिटरभरही पेट्रोल पीत नाही. तेच १२० अश्वशक्ती देताना तासाला पस्तीस-चाळीस लिटर मागतं. म्हातारा पंप पहिलं काम हसत करतो, दुसऱ्याला त्याला धाप लागते.

पंप बदलण्याआधी त्याची वीज मोजा. बऱ्याच गाड्यांत पंपाचा कनेक्टर मागच्या सीटखाली असतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीचा प्लस आणि पंपाचा प्लस यांच्यात मल्टिमीटर लावा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. अर्थच्या बाजूला ०.१ ते ०.२ व्होल्ट. यापेक्षा जास्त आलं तर रिले, फ्यूजची पकड किंवा अर्थचा नट दोषी आहे. पंप बदलूनही गाडी सुधारत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत फवारणाऱ्या) गाडीत दाब साधारण ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरेल. मग गेज जोडा, गळती नाही याची खात्री करा, आग विझवायचं साधन जवळ ठेवा. लोड पडल्यावर काटा ०.३-०.४ बारने खाली बसला तर पंप, जाळी किंवा फिल्टर. जुन्या पद्धतीचा, मॅनिफोल्डच्या नळीने चालणारा रेग्युलेटर असेल तर बूस्टबरोबर दाब तेवढाच वाढायला हवा. ती नळी निखळली असेल तर गाडी फक्त बूस्टवर लीन होते आणि कारण दहा रुपयांच्या रबरात असतं.

डायरेक्ट इंजेक्शनची (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी) गाडी असेल तर टाकीतल्या पंपाचा दाब ४ ते ६ बार असतो, पण पुढे कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप तो दोनशे बारच्याही वर नेतो. ही लाइन घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये उघडू नका. एवढ्या दाबाचा फवारा कातडीतून आत घुसतो. स्कॅनरवर मागितलेला आणि मिळालेला रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांच्या सामाईक नळीतला दाब, पाहा. १५० मागितला आणि ९० मिळाला, की कोड पी००८७ असो वा नसो, उत्तर मिळालं.

पावसाळ्यात ई२० बद्दल आणखी एक. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि पंपाची जाळी तळाशीच असते. अर्धा लिटर नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा गढूळ रेघ दिसली तर टाकी उतरवा. तसं पेट्रोल ॲडिटिव्ह घालून सुधारत नाही.

इंजेक्टरचा दोष फसवा असतो. तीन सिलिंडरपैकी एकाचा इंजेक्टर तुंबला तर सेन्सर तिघांची सरासरी पाहतो. ईसीयू सगळ्यांना पेट्रोल वाढवतो, दोन रिच होतात, एक लीनच राहतो. एकूण ट्रिम अधिक सात-आठच दिसेल, पण त्या एका पिस्टनचा जीव धोक्यात असतो. तिन्ही प्लग काढून ओळीने मांडा. दोन काळपट आणि एक पांढराफटक असेल तर तोच. पोर्ट इंजेक्टर मशीनवर लावून मापाच्या नळ्यांत धार पाहता येते.

लीन नसून लीन दिसणं

प्लग किंवा कॉइल गेलं तर न जळलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सर लीन सांगतो. म्हणून पी०३०० ते पी०३०३ या मिसिंगच्या कोडांपैकी एखादा सोबत असेल तर आधी इग्निशन. तसंच टर्बो आणि डाउनपाइप (टर्बोपुढचा पहिला एक्झॉस्ट पाइप) यांच्या सांध्याचं गॅस्केट फुटलं तर आयडलिंगला बाहेरची हवा थेट सेन्सरपर्यंत जाते. ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो, गाडी खरं तर रिच चालते, ॲव्हरेज पडतो. सांध्याभोवती राखाडी-काळी काजळी आणि थंड स्टार्टला टिकटिक, या त्याच्या खुणा.

आणि बूस्ट वाढवणारे तयार बॉक्स. यातले बरेचसे मॅप सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला फसवतात. ईसीयू कमी दाब समजून बूस्ट वाढवतो आणि पेट्रोल मात्र त्या कमी दाबाच्या हिशेबाने टाकतो. असा बॉक्स लावलेल्या गाडीत बाकी काही तपासण्याआधी तो काढून ठेवा, सगळी मोजणी मूळ अवस्थेत करा.

दुरुस्तीनंतर

जुना ट्रिम स्कॅनरने रीसेट करा, नाहीतर चुकीची सवय काही काळ तशीच राहील. चाळीस-पन्नास किलोमीटर मिश्र रस्त्यावर चालवा. बेरीज पाचच्या आत आली की मगच बूस्ट तपासा: मोकळा सपाट रस्ता, तिसरा गिअर, २००० ते ४५०० आरपीएम, शेजारचा माणूस लॅम्डा नोंदवतोय. मागितलेला आणि मिळालेला यांत ०.०३ पेक्षा जास्त तफावत दिसली तर पेडल लगेच सोडा, काम अजून राहिलंय.

गाडी बरेच दिवस बूस्टवर लीन चाललेली असेल, तर प्लग भिंगाखाली पाहा. पोर्सेलीनवर टाचणीच्या टोकाएवढे चकाकणारे ठिपके असतील तर ते पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम आहे. अशा वेळी रस्त्यावर न काढता आधी कॉम्प्रेशन मोजा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी आला तर लीकडाउन टेस्ट करा (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते पाहा) आणि बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा बघा.